एक्केचाळिसाव्या ओळीपासून

मंगळवार, ९ सप्टेंबर २००८

पिटरनेल,

वरच्या चाळीस ओळी खऱ्या आहेत. पंपघर क्रमांक तीन, पाण्याची पातळी, दर पंधरा मिनिटांची नोंद. एक्केचाळिसाव्या ओळीपासून मी आहे.

तू घर सोडून गेलीस तेव्हा कॉम्प्युटर नव्हता. आता आहे. बैठकीच्या खोलीत, बाबांनी सुताराकडून मापाने करून घेतलेल्या कपाटात. कपाटाची पाठ भिंतीला आणि स्क्रीन खोलीकडे, म्हणजे कोणी काय पाहतंय ते सगळ्यांना दिसतं. पासवर्ड एका कार्डावर बाबांच्या अक्षरात लिहून कीबोर्डखाली ठेवलाय. शनिवारी संध्याकाळी सहा वाजता बाबा वायर भिंतीतून काढतात, गुंडाळतात आणि चांदीच्या चमच्यांच्या खणात ठेवतात. किल्ली त्यांच्या कोटात. रविवार देवाचा, यंत्र बंद; सोमवारी सकाळी सहा वाजता वायर परत.

आईची खुर्ची स्क्रीनपासून दोन मीटर तीस सेंटिमीटरवर आहे. विणकामाच्या चष्म्यातून तिला इतक्या लांबचं आठ मापाचं अक्षर वाचता येत नाही. हे मी तपासलंय. आकड्यांचा तक्ता आणि आकड्यांच्या तक्त्यातलं पत्र तिला सारखंच दिसतं.

"इतके आकडे रोज?" ती आत्ताच म्हणाली.

"पाणी रोज चढतं-उतरतं, आई."

"डोळे उतरतील तुझे. मग कोण करणार तुझ्याशी लग्न?"

"कमी दिसणारा."

ती हसली. आपली आई अजून हसते, हे तुला कळावं म्हणून लिहिलं.

मी जलमंडळात मापकं तपासते. पंपघरातलं मापक खरं सांगतंय की नाही हे पाहणं, एवढंच काम. चार वर्षं झाली. आता ग्रोनिंगनला एका कारखान्यात जागा मिळतेय. ते मापकं बनवतात. एक जानेवारीपासून. उत्तर एक डिसेंबरपर्यंत हवंय. पहिला महिना राहायला जागा लागेल. तू त्याच शहरात आहेस एवढं मला माहीत आहे, पत्ता माहीत नाही. तू एकदा कार्ड पाठवलं होतंस. ते बाबांनी पाहिलं आणि पुढे ते कुठे गेलं ते मी विचारलं नाही. फोनच्या यादीत तू तुझ्या नावाने नाहीस. ज्याच्याबरोबर तू गेलीस, त्या येल्मरचं आडनाव मला कधी कळलंच नाही.

म्हणजे हे पत्र पाठवता येत नाही. तरी लिहून ठेवते. पत्ता मिळाला तर तयार असेल.

तुला आलेली येल्मरची पत्रं आईला मोज्यांच्या खणात सापडली आणि मग सगळं झालं. ते असो.

फाइल बिघडलेल्या स्कॅनरच्या फोल्डरमध्ये ठेवते. तिथे दोनशे अकरा फायली आहेत, सगळ्यांची नावं निरर्थक. माझं दोनशे बारावं. उठण्यापूर्वी 'नुकतंच उघडलेलं' ही यादी पुसते. रोज, न चुकता.

तानेके


गुरुवार, १६ ऑक्टोबर

पिटरनेल,

चर्चच्या गृहभेटीची तारीख आली. वीस नोव्हेंबर, संध्याकाळी सात. पाळक स्लाबेकोर्न आणि पंच क्राइन बोखर्ट येणार. बाबा स्वतः चर्चचे पंच असले तरी त्यांच्याही घराची भेट होतेच. पाळकांनी आईला आधीच सांगून ठेवलंय की यंदा मला विचारणार: या हिवाळ्यात श्रद्धेच्या कबुलीच्या वर्गाला बसणार का? बसले तर ईस्टरला सगळ्या मंडळीसमोर उभं राहून 'हो' म्हणायचं. ते 'हो' आयुष्यभराचं असतं.

तू गेलीस तेव्हा बाबांचं पद का राहिलं, ते तुला कदाचित माहीत नसेल. पंचांच्या बैठकीत ठरलं की एखादं मूल भरकटू शकतं, त्यात बापाचा दोष धरू नये. 'एखादं' हा शब्द नोंदवहीत आहे. बोखर्टने तो बाबांना मागच्या आठवड्यात स्वतःच्या पद्धतीने सांगितला. मी बाबांच्या कांद्याच्या वखारीत वजनकाटा तपासायला गेले होते. बाबा कांदे निवडत होते.

"मारिनुस," बोखर्ट म्हणाला, "पोत्यात एक कांदा सडका निघाला तर गिऱ्हाईक काही बोलत नाही."

"नाही बोलत."

"दुसरा निघाला की पोतंच परत येतं."

बाबांनी हातातला कांदा दाबून पाहिला आणि पट्ट्यावर टाकला. "क्राइन, तुझ्याकडून गेल्या साली आलेली तीन पोती मी परत केली होती का?"

"नाही."

"मग."

बोखर्ट हसला, माझ्याकडे बघून मान हलवली आणि गेला. काटा दहा किलोला वीस ग्रॅम जास्त दाखवत होता. मी तो नीट केला. बाबा म्हणाले, "लोकांना वीस ग्रॅम कमी जात होते म्हणजे. कधीपासून?" मी म्हटलं, ते सांगता येत नाही, शेवटची तपासणी मार्चमधली आहे. त्या दिवसापासून ते प्रत्येक पोत्यात एक कांदा जास्त टाकतायत.

अशा माणसाचं पद माझ्यामुळे जाणार. तो काही पदासाठी हपापलेला नाही. पण रविवारी पंचांच्या बाकावर बसलेला त्याचा चेहरा मी बारा वर्षं पाहतेय. त्या बाकावर त्याच्या खांद्यांवरचा भार उतरतो. दुसरीकडे कुठेच उतरत नाही.

माझ्यासमोर तीनच मार्ग आहेत. मी जातेय हे खरं सांगणं, खोटं 'हो' म्हणणं, किंवा इथेच राहणं. तिन्ही तपासले. एकही मोकळा नाही.

बाकी, शनिवारी रविवारचे बटाटे सोलताना आई अचानक म्हणाली, "पिटरनेल साल फार जाड काढायची." सहा वर्षांत पहिल्यांदा तिने तुझं नाव घेतलं. मी पुढचा बटाटा घेतला. मग ती म्हणाली, "अर्धा बटाटा सालीतच." आणि पातेलं घेऊन उठली.

तानेके


गुरुवार, ६ नोव्हेंबर

पिटरनेल,

काल पिकांसाठीचा आभारदिन होता. दोन उपासना झाल्या, वखार बंद होती, पंपघरं तेवढी चालू होती. आज मी माझीच झडती घेतली.

हे मी महिन्यातून एकदा करते. मापक तपासताना आपण ते चुकीचं आहे असं समजून सुरुवात करायची असते. तसंच मी संशयी माणूस होऊन या यंत्रासमोर बसते आणि मला शोधते. आज पहिल्यांदाच यंत्राला सांगितलं की गेल्या दोन वर्षांत बदललेल्या सगळ्या फायली दाखव, लपवलेल्याही, तारखेप्रमाणे.

माझ्या फायली इतर आकड्यांत बुडालेल्या होत्या. ठीक. पण दुसऱ्याच एका फोल्डरमधल्या फायली वर तरंगत होत्या. फोल्डरचं नाव 'कांदा वाळवणी १९९४'. एकसष्ट फायली. लपवलेल्या, पण फार साध्या रीतीने, एका चौकटीत खूण करून. ती खूण कुठे करायची हे या घरात मी एकाच माणसाला शिकवलंय. दोन वर्षांपूर्वी, आईबाबांच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला, बाबांनी गाण्याची कडवी रचली होती आणि आईला आधी दिसू नयेत म्हणून मला विचारलं होतं, "हे झाकायचं कसं?"

मी तारखा पाहिल्या. मग भिंतीवरची दिनदर्शिका पाहिली. मग यंत्राचं घड्याळ माझ्या घड्याळाशी ताडून पाहिलं. फरक चार सेकंदांचा.

एकसष्टच्या एकसष्ट रविवार आहेत.

वेळ दुपारी पाऊण ते दोन. पहिल्या उपासनेनंतर सूप होतं, आई वर आडवी होते आणि मी लहान मुलांच्या रविवारच्या शाळेत शिकवायला जाते. बाबा खाली राहतात, दुसऱ्या उपासनेआधी वाचन करायला. असं आम्ही समजतो. वायरच्या खणाची किल्ली त्यांच्याच कोटात असते.

ज्या घरात रविवारी बटाटाही सोलत नाहीत, त्या घरात त्यांनी एकसष्ट वेळा ती वायर भिंतीत घातली.

प्रत्येक फाइल एका पत्त्याने सुरू होते. तुझ्या पत्त्याने. रस्ता, घर क्रमांक, पिन कोड. मी तो पाठ केला. लिहून घेतला नाही.

मी एकच पत्र वाचलं. वाचायला नको होतं, पण त्यात माझं नाव दिसलं. एकोणीस ऑक्टोबरचं. त्यातलं तेवढंच इथे उतरवते:

"तानेके रोज संध्याकाळी आकडे भरते. उठताना ती उघडलेल्या फायलींची यादी पुसते. शनिवारी तुझ्या आईने वाटाण्याच्या सुपाची कृती लिहिली होती, तीही यादीत नव्हती. जिथे कोणी काही झाकत नाही तिथे कोणी इतकं झाडत नाही. ती काय लिहिते ते मी शोधलेलं नाही, शोधणारही नाही. पण तू जाण्याच्या आधीच्या आठवड्यात तुझी खोली अशीच स्वच्छ होती."

मी दोनशेवर फायलींत लपले होते. एका रिकाम्या यादीने पकडून दिलं.

आई आत्ता मागून म्हणाली, "आज हात थांबलेत तुझे. पाणी नाही का चढलं?"

"बघतेय," मी म्हटलं.

आता पत्ता आहे. तो वापरला तर तू बाबांना कळवशील, किंवा मला लिहिशील, आणि पेटीतलं टपाल बाबाच काढतात. पत्ता कुठून मिळाला हे त्यांना लगेच कळेल. मी त्यांचं वाचलं हे त्यांना कळलं, की त्यांनी रविवार मोडला हे मला ठाऊक आहे, हेही कळेल. मग बाकावर बसताना त्यांना माझा चेहरा दिसेल. मी काही बोलू शकत नाही. तेही नाही. जेवताना आम्ही एकमेकांना मोहरीची बाटली देतो.

आज यादी पुसू की नको, हे ठरवायला पाच मिनिटं लागली. पुसली. न पुसणं जास्त ओरडलं असतं.

तानेके


शुक्रवार, २१ नोव्हेंबर

पिटरनेल,

क्रमाने लिहिते.

सातला दोन मिनिटं कमी असताना ते आले. काळे कोट, टोप्या हातात. आईने कॉफी दिली आणि दालचिनीचे गोड पाव, बोलुस. पाळकांनी स्तोत्र वाचलं. बोखर्टने कॉम्प्युटरच्या कपाटाकडे पाहिलं.

"पाठ भिंतीला, तोंड चारचौघांत," तो म्हणाला. "माझी बायको पण अशीच बसते."

"तिची वायर काढता येत नाही ना, हीच अडचण," आई म्हणाली. पाळकसुद्धा हसले. इथपर्यंत सगळं ठीक होतं.

मग पाळक माझ्याकडे वळले. "तानेके, तू तेवीस पूर्ण केलीस. तुझ्या वर्गातल्या सगळ्या मुलींची कबुली झाली. या हिवाळ्यात येणार का वर्गाला?"

मी 'हो' ठरवलं होतं. एक अक्षर. आत्ता म्हणायचं, आणि जानेवारीत काय ते बघायचं. तोंड उघडलंही होतं.

"थांब, तानेके," बाबा म्हणाले.

त्यांनी कप बशीत ठेवला. "तिला विचारण्याआधी मला विचारा."

"काय विचारू, मारिनुस?"

"मी रविवार कसा पाळतो ते."

बोखर्टने हातातला बोलुस परत ताटलीत ठेवला. "मारिनुस, हे काय आता? आज चेष्टेचा दिवस आहे का?"

"दोन वर्षं झाली. दोन उपासनांच्या मधे मी या यंत्रावर बसतो."

"कशासाठी?" पाळकांनी विचारलं.

"मोठीला पत्रं लिहायला."

आईच्या सुया थांबल्या. लोकर गुडघ्यावरून घसरली आणि कोणी उचलली नाही.

"पाठवली?"

"नाही."

पाळकांनी मांडीवरचं पुस्तक मिटलं. मला ते आवडत नाहीत, हे तुला माहीत आहे, पण त्यांनी हे दुष्टपणे म्हटलं नाही. "म्हणजे रविवारही गेला आणि पत्रंही."

"हो," बाबा म्हणाले. "मी पद सोडतो. कारण माझं आहे. क्राइन, वहीत तसंच लिही. 'कारण त्याचं स्वतःचं.' घराचं नाव नको, मुलीचं नको."

"मारिनुस, एवढं काही... पुढच्या बैठकीत बोलू की."

"लिही."

बोखर्टने लिहिलं. त्याचं अक्षर हळू आहे. पेनाचा आवाज येत होता. वर्गाबद्दल मला पुन्हा कोणी विचारलं नाही. प्रार्थना झाली, ते गेले. आईने सहा कप धुतले. कप पाचच वापरले होते. बाबांशी ती तेव्हापासून बोललेली नाही.

मी जायच्या आधीच बाबा त्या बाकावरून उठले. आता मी गेले तर माझ्यामुळे काही गेलं असं कोणी म्हणू शकणार नाही, वहीत लिहिलंय. माझ्याकडे न जाण्याचं एक कारण होतं, ते त्यांनी माझ्या हातून काढून घेतलं. मला मोकळं वाटायला हवं होतं. मी जिन्यावर बसून राहिले. खाली ते घर आवरत होते, एकटेच. चार खुर्च्या टेबलाखाली सारल्या. पाचवी बराच वेळ सारली नाही.

आज संध्याकाळी आई स्वयंपाकघरात बसलीय. माझ्यामागची खुर्ची रिकामी आहे. मी सोळा मापाच्या अक्षरात लिहितेय.

तानेके


सोमवार, २४ नोव्हेंबर

पिटरनेल,

हे हाताने लिहितेय. पंपघर तीनमध्ये, डब्याच्या झाकणावर कागद ठेवून, म्हणून ओळी वाकड्या.

काल रविवार. पहिल्या उपासनेत बाबा पहिल्यांदा आमच्यासोबत बसले, आई आणि माझ्या मधे. नेहमीप्रमाणे प्रवचनाच्या तीन भागांना तीन पेपरमिंट वाटल्या. मला दिली, आईपुढे धरली. आईने घेतली नाही. ती बाबांच्या तळहातावर तशीच राहिली.

सूप झाल्यावर आई वर गेली. मी शाळेला जायला कोट घालत होते.

"तानेके." बाबा खणापाशी उभे होते, वायर हातात. "हे कागदावर कसं काढायचं?"

मी कोट काढला.

त्यांनी स्वतः वायर लावली. मी प्रिंटर चालू केला. तो प्रिंटर तू ऐकलेला नाहीस. पान ओढताना तो गाढवासारखा ओरडतो. वर झोपलेल्या माणसाला ऐकू येणार नाही असं होऊच शकत नाही. ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.

"कितवं काढायचं?" मी विचारलं.

"सगळी." मग म्हणाले, "तू वाचलंस एक."

"एकच. तुम्हाला कसं कळलं?"

"फोल्डरमध्ये शेवटचं उघडलेलं वरती येतं. नंतरच्या रविवारी एकोणीस ऑक्टोबरचं वरती होतं, आणि मी ते पुन्हा उघडलं नव्हतं."

मी तपासणीचं सगळं शिकलेय आणि मला हे सुचलं नाही.

पानं येत होती. ती ट्रेमध्ये पडायच्या आधीच ते हातात घेत होते, गरम असताना. मी विचारलं, "पाठवली का नाहीत?"

"छापता येत नव्हतं. तुला विचारावं लागलं असतं."

"हाताने लिहायची मग."

"हाताने लिहिलं तर पाठवावं लागतं," बाबा म्हणाले.

थोड्या वेळाने, स्क्रीनकडे बघत: "मी तुला जा म्हणत नाही."

"माहितेय."

"थांब पण म्हणत नाहीये."

तेवढ्यात वरून हाक आली. "मारिनुस! कोण करतंय तो आवाज?"

पन्नासावं पान आत ओढलं जात होतं. मी त्यांच्याकडे पाहिलं. 'तानेके' म्हटलं असतं तरी चाललं असतं, मी मान खाली घातली असती.

"मी," बाबा म्हणाले. "मी करतोय, आद्रियाना."

आई मोज्यांवरच खाली आली. केस सुटलेले. रविवारी दुपारी मी तिला तसं कधीच पाहिलं नव्हतं. तिने कपाटाकडे पाहिलं, बाबांच्या हातातल्या गठ्ठ्याकडे पाहिलं, मग वाकून भिंतीतली वायर काढली. यंत्र मधेच गप्प झालं. तिने वायर गुंडाळली, झग्याच्या खिशात घातली आणि म्हणाली, "उपासनेला पस्तीस मिनिटं आहेत."

जिन्यावर चढताना ती तिसऱ्या पायरीवर थांबली. मागे वळली नाही. "त्या पत्रांत माझं काही आहे का?"

"आहे," बाबा म्हणाले.

"काय?"

"बटाट्यांचं."

ती वर गेली. मग टोपी घालून खाली आली आणि आम्ही तिघं उपासनेला गेलो. परतताना ती बाबांच्या डावीकडून चालली, नेहमीच्या जागेवरून. पण बोलली नाही. आजही नाही. वायर अजून तिच्या खिशात आहे, म्हणून आज सोमवार असून यंत्र बंद आहे.

प्रिंटरमध्ये एक पान अर्धं अडकलं होतं. मी ते हळूच ओढून काढलं. खालचा अर्धा कोरा आहे. बाबांना विचारलं, टाकून देऊ? म्हणाले, "अर्धंच पाठव." सोबत आहे. एकोणपन्नास पत्रं पूर्ण आणि एक अर्धं. उरलेली अकरा यंत्रात आहेत.

माझी चार पत्रंही तिथेच आहेत, ती यंत्रासकट बंद आहेत. त्यांत तुला एक खोटं सांगितलं होतं, म्हणून खरं ते इथे लिहिते. येल्मरची पत्रं आईला मोज्यांच्या खणात सापडली नाहीत. मी शोधली. मी बाबांच्या हातात दिली. सतरा वर्षांची होते आणि मला वाटलं होतं की ते तुला थांबवतील. तू सहा वर्षं आईवर रागावली असशील तर तो राग चुकीच्या पत्त्यावर गेलाय.

आता माझं काम. मला एक जानेवारीपासून महिनाभर राहायला जागा हवी आहे. स्वयंपाक येतो. साल पातळ काढते. तू नाही म्हणालीस तर मी दुसरी जागा शोधेन, कारण तुझ्या शहरातल्या मापकांच्या कारखान्याला नोकरीसाठी 'हो' लिहिलंय. ते पाकीट आणि हे पाकीट आज एकाच पेटीत टाकते, पंपघरासमोरच्या. साडेचारला टपाल उचलतात.

उत्तर घरीच पाठव. पाकिटावर माझं पूर्ण नाव घाल आणि मागे तुझं. टपाल बाबा काढतात. काढू देत.

तानेके